विखारी प्रचार, भडक बातम्या आणि बाबासाहेब

पालघर हे नाव गेल्या काही वर्षांत दोनदा देशभरच्या टीव्हीवर ओरडून घेतले गेले. पहिल्यांदा मे २०१८ मध्ये. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि राज्यात एकत्र सत्तेत बसलेले भाजप आणि शिवसेना इथे एकमेकांसमोर उभे राहिले. तारापूर एमआयडीसीचे सांडपाणी, बुलेट ट्रेनसाठी जाणारी जमीन, वाढवण बंदर, जव्हार-मोखाड्यातले कुपोषण असे प्रश्न त्या मतदारसंघात ढिगाने पडले होते. टीव्हीवर मात्र गाजली मुख्यमंत्र्यांची एक ध्वनिफीत. ती सभेत कोणी ऐकवली, ती अर्धवट होती की पूर्ण, आणि कोणी कोणाला चपलेने मारण्याची भाषा केली, यातच प्रचार संपला.

दुसऱ्यांदा एप्रिल २०२० मध्ये. लॉकडाऊन चालू होता, मुले पळवणारे आणि चोर फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून गावोगाव पोचल्या होत्या. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. अत्यंत लाजिरवाणी घटना. पण स्टुडिओत बसलेल्या काहींना तेवढी लाज पुरेशी वाटली नाही, त्यांना तिला धर्माचा रंग हवा होता. अखेर गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही, हे सांगावे लागले. एका वाहिनीच्या संपादकावर गुन्हे नोंदले गेले, मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी त्यांना स्थगिती दिली. ज्या अफवेने तीन जीव घेतले, ती कशी पसरली याची चर्चा कुठल्या कुठे राहिली.

दोन्ही वेळी आपले ग्रुपही या चिखलातून सुटले नव्हते. म्हणून हा लेख. ज्या माणसाने बदनामीचा प्रचार आयुष्यभर सोसला, त्याचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. बाबासाहेबांचे चरित्र आपण सत्याग्रह, करार, घटना, दीक्षा या टप्प्यांनी सांगतो. तेच एकदा वर्तमानपत्रे आणि निवडणुका यांच्या बाजूने सांगून पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेले भीमराव १९२० मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. अस्पृश्यांची बाजू मांडणारे एकही वजनदार वर्तमानपत्र नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, लेखणी बाबासाहेबांची होती. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. शिवी देण्याच्या आधीची पायरी ही असते : समोरचा आहे हेच मान्य न करणे.

नंतर शिव्या आल्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आणि हजारो सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्याले. परतून लोक जेवणाच्या तयारीत असताना गावात अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसा कोणताही बेत नव्हता. अफवेवर जमाव जमला, लाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर तुटून पडला, बायामाणसे, म्हातारे, सगळ्यांना झोडपले. गडचिंचलेची बातमी वाचताना महाड आठवले नाही असा आंबेडकरी माणूस विरळा. सत्याग्रहींमध्ये सैन्यातून निवृत्त झालेले धिप्पाड लोक होते. एक शब्द मिळाला असता तर महाडमध्ये रक्ताचा सडा पडला असता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी जखमींची व्यवस्था पाहिली, पोलिसांत तक्रार नेली, पुढे काही हल्लेखोरांना कोर्टात शिक्षा झाली.

आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक आला. सनातनी पत्रे, त्यात पुण्याचे 'भाला' पुढे, अस्पृश्यांना दमदाटीची भाषा करत होती. त्यांना उत्तर मिळाले ते अग्रलेखांतून. हे अग्रलेख आजही मिळतात, तरुणांनी ते मुळातून वाचावेत. भाषा मवाळ अजिबात नाही. उपरोध आहे, संताप आहे, प्रतिपक्षाची पुरती फजिती आहे. पण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडलेले आहे, शास्त्राचा आधार घेणाऱ्याला शास्त्रातूनच उत्तर आहे. पैसा नव्हता, माणसे नव्हती, अंकाचे रकानेच्या रकाने ते एकटे लिहून काढत. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. १९३० मध्ये 'जनता' निघाले.

गोलमेज परिषदेच्या काळात देशातली बहुतेक राष्ट्रीय म्हणवणारी पत्रे त्यांच्यावर तुटून पडली. इंग्रजांचा हस्तक, देशद्रोही, हिंदूंचा शत्रू अशी विशेषणे रोजची झाली. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापर्यंतचे दिवस तर असे होते, की गांधीजींच्या जिवाची जबाबदारी एकट्या आंबेडकरांच्या माथी मारली जात होती. उपोषण कोणी आणि कशासाठी सुरू केले, हा प्रश्न छापण्याची फार थोड्यांची तयारी होती.

मग निवडणुका. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांच्यासमोर पळवणकर बाळू यांना उभे केले. हे नाव आज तरुणांना माहीत नाही. चर्मकार समाजातले बाळू हे आपल्या काळातले मोठे फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेले. तरुण भीमरावांना त्यांचा अभिमान होता. तोच माणूस आता विरोधात उभा केला गेला. बाबासाहेब १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी जिंकले. दलिताविरुद्ध दलित उभा करायचा आणि लांबून मजा बघायची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

त्याच निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आलेल्यांत शामराव परुळेकर होते. आपल्या जिल्ह्याला हे नाव सांगायला नको. पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि गोदावरीबाईंसह १९४५ पासून तलासरी-डहाणू भागातल्या वारल्यांच्या लढ्यात उतरले. १९३८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपात बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर होते. चौदा वर्षांनी डांगे समोर आले, त्याची गोष्ट पुढे आहे.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी भाषण केले. त्यात गांधी आणि जिना या दोघांवर टीका होती, त्यामुळे पत्रे खवळली. भाषण पुस्तकरूपाने काढताना त्यांनी प्रस्तावनेत पत्रांनाही सोडले नाही आणि पत्रकारितेचा जो पंचनामा केला तो आजच्या रात्री नऊच्या चर्चेलाही तंतोतंत लागू पडतो. पूर्वी हा पेशा होता, आता व्यापार झाला आहे, साबण बनवण्याच्या धंद्यापेक्षा त्यात जास्त नैतिकता उरलेली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बातमी निष्पक्षपणे देणे हे काम मागे पडले, नेत्याची पूजा बांधून ढोल वाजवणे हे मुख्य काम झाले, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा टीव्ही नव्हता. ढोल होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाबासाहेब स्वतः गोड बोलणारे नव्हते. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, ते आजही अनेकांना झोंबते. पण ते झोंबते कशामुळे? त्यात निवडणुकीचे तक्ते आहेत, पत्रव्यवहार आहे, परिशिष्टे आहेत. खोडायचे असेल तर आकडे खोडावे लागतात. सभ्यता म्हणजे मिळमिळीतपणा असे समजणाऱ्यांनी हे पुस्तक हातात घ्यावे आणि आक्रमकता म्हणजे आयबहिणीवरून बोलणे असे समजणाऱ्यांनीही घ्यावे.

हिंदू कोड बिलाच्या काळात विरोधाने पातळी सोडली. डिसेंबर १९४९ मध्ये दिल्लीत सभा झाल्या, मोर्चे निघाले, नेहरू आणि आंबेडकर यांचे पुतळे जाळले गेले. बायकांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे बिल अस्पृश्याने मांडावे, हेच अनेकांना सहन होत नव्हते आणि ते तसे बोलून दाखवत होते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संसदेत निवेदन करण्यात अडथळा आला तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि १० ऑक्टोबरला निवेदन पत्रकारांच्या हाती दिले. राजीनाम्याची कारणे त्यात क्रमाने मांडलेली होती.

तीन महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची समाजवाद्यांशी युती होती, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला दिली तर एक बाद. कम्युनिस्टांकडून डांगे उभे होते. दुसरे मत कुजवा, म्हणजे वाया घालवा पण आंबेडकरांना देऊ नका, असा प्रचार त्यांच्या बाजूने झाल्याचा आरोप झाला. ७४ हजारांच्या आसपास मते वाया गेली. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते घेऊन जिंकले, बाबासाहेबांना १,२३,५७६ मिळाली. घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्याच घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत १४,५६१ मतांनी पडला. बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला, न्यायाधिकरणाने तो फेटाळला. रस्त्यावर कोणी उतरले नाही.

या निवडणुकीची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. काजरोळकरांच्या लोणी विकण्यावरून त्यांची खिल्ली उडवणारी एक यमकबद्ध ओळ तेव्हा आपल्या बाजूने फिरली. आचार्य अत्र्यांच्या नावावर ती सांगितली जाते आणि आजही जयंतीच्या भाषणात टाळ्या घेते. काजरोळकर दलित होते, कष्ट करून खाणारे होते. त्यांच्या राजकारणावर बोलायला पुष्कळ जागा होती. धंद्यावरून माणसाला हिणवणे ही कोणाची जुनी सवय आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माझ्या मते ती ओळ आपण आता सोडून द्यावी.

१९५४ मध्ये भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली, पुन्हा दोन जागा, पुन्हा अशोक मेहता सोबत. भंडाऱ्याच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत एक प्रसंग वारंवार येतो. काहींनी सुचवले, की आपल्या लोकांनी फक्त बाबासाहेबांना मत द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे जागा नक्की निघेल. मुंबईत जे आपल्याशी झाले तेच हत्यार. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवायला सांगणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. सोबत्यांची मते त्यांच्याकडे तितक्या इमानाने वळली नाहीत, ही खंत तिथे अजून बोलली जाते. आजचा कोणताही निवडणूक सल्लागार या निर्णयाला वेडेपणा म्हणेल.

पश्चिम रेल्वेच्या आपल्याच मार्गावर नालासोपारा आहे. तिथल्या स्तूपाचे उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. पाली परंपरेतला पुण्ण थेर याच सुप्पारक भागातला. तो धम्म सांगायला आपल्या सुनापरांत प्रदेशात निघाला तेव्हा बुद्धांनी त्याला विचारले, की तिथले लोक तापट आणि कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील. पुण्ण म्हणाला, की त्यांनी हात उगारला नाही, एवढे चांगले आहेत असे मी समजेन. आणि हात उगारला तर? दगड मारले नाहीत, एवढे चांगले. असा तो संवाद शस्त्रापर्यंत आणि जिवापर्यंत जातो आणि बुद्ध त्याला जायला परवानगी देतात. बाबासाहेबांचा मार्ग अगदी हा नव्हता, ते उत्तर द्यायचे, आणि ते बरेच झाले. नाहीतर आपण अजून चवदार तळ्याच्या काठावरच उभे असतो. पण शिवीला शिवी हे उत्तर त्यांच्या अग्रलेखांत कुठे सापडत नाही.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची एक आहे. अष्टांग मार्गातल्या सम्यक वाचेचे चार भाग आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो : खोटे नको, चहाडी नको, कठोर बोलणे नको, वायफळ बडबड नको. कोणत्याही वाहिनीवरची एक तासाची चर्चा या चार खणांत वाटून पाहावी, बाहेर किती उरते ते कळेल.

त्याच काळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथावर शेवटचा हात फिरत होता. त्यात बुद्धांच्या शत्रूंवर स्वतंत्र भाग आहे आणि त्यात सुंदरीची कथा आहे. बुद्धांचा वाढता मान न बघवणाऱ्या विरोधकांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला जेतवनाकडे ये-जा करायला लावले, मग तिचा खून करवून प्रेत जवळच टाकले आणि गावभर बोंब उठवली. मारेकरी मिळालेल्या पैशांवर दारू प्याले, आपसांत भांडले आणि भांडणात सगळे ओकून बसले. राजाच्या माणसांनी त्यांना धरले. इतक्या आजारात, इतक्या घाईत बाबासाहेबांनी ही कथा वगळली नाही. पायांना सूज होती, दृष्टी अधू झाली होती. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतल्या घरी त्यांनी या ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा चाळायला घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा ग्रंथ छापून यायचा होता आणि 'प्रबुद्ध भारत'ला अजून एक वर्षही पूर्ण झाले नव्हते.