मुळांवरील गाठी आणि मार्टिनस बेयेरिंक

भाताची कापणी झाली की गोव्यातील शेतकरी त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, चवळी म्हणजे आमचे अळसांदे पेरतो. हे रोप अलगद उपटून पाहिले तर मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतात. रोपाला एखादी व्याधी जडली असावी, असेच पाहणारास प्रथम वाटते. परंतु गाठ नखाने फोडावी, तर निरोगी रोपात ती आतून गुलाबी असते. या गाठीत कोण वस्ती करते, हे ज्यांनी निश्चित केले त्या डच शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

मार्टिनस बेयेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला आणि हार्लेम येथे रेल्वेत कारकुनी पत्करून त्यांना संसार चालवावा लागला. मुलाचे आरंभीचे शिक्षण त्यांनी घरीच केले. पुढे डेल्फ्ट येथे बेयेरिंक रसायनशास्त्र शिकले. तेथे त्यांचे सहाध्यायी होते व्हांट हॉफ, ज्यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. १८७७ साली लायडन विद्यापीठाने बेयेरिंक यांना डॉक्टर ही पदवी दिली. प्रबंधाचा विषय होता कीटकांमुळे झाडांवर येणाऱ्या गाठी!

वाखेनिंगेन येथील शेतकी शाळेत ते अध्यापक होते. येथे आमची लेखणी थोडी अडखळते. बेयेरिंक तापट होते. विद्यार्थ्यांच्या चुका त्यांना सहन होत नसत आणि विद्यार्थी त्यांना वचकून असत. एवढा विद्वान मनुष्य वर्गात प्रेमळ का होऊ शकला नाही, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना बोचल्यावाचून राहत नाही.

१८८५ साली ते डेल्फ्टमधील यीस्ट व मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यात जंतुशास्त्रज्ञ म्हणून गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हेलरीगेल यांनी जाहीर केले की, वाटाण्यासारखी रोपे मुळांवरील गाठींच्या योगे हवेतील नत्र मिळवतात. नत्रावाचून कोणतेही पीक वाढत नाही, आणि हवेत त्याचा एवढा साठा असूनही भात-गव्हाला तो घेता येत नाही. मग गाठीत असे काय असते? सूक्ष्मदर्शकाखाली आत चित्रविचित्र आकाराचे कण दिसत. ते वनस्पतीचेच अंश आहेत, असे काही विद्वान मानीत.

बेयेरिंक यांनी वाद घातला नाही. गाठ बाहेरून स्वच्छ केली, फोडली आणि आतील द्रव्य शेंगवर्गीय पाल्याचा काढा घातलेल्या जिलेटिनवर पसरले. त्यावर जंतू वाढले. हे झाले १८८८ साली. १८९० साली तेच जंतू त्यांनी रोपांना दिले आणि मुळांवर पुन्हा गाठी आल्या. आज त्या जंतूंना रायझोबियम म्हणतात. रोप त्यांना साखर पुरवते, जंतू रोपाला नत्र देतात.

१८९५ साली ते डेल्फ्टच्या तंत्रशाळेत प्राध्यापक झाले. १८९८ साली त्यांनी तंबाखूच्या पानांवरील रोग अभ्यासला. जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलेला रसही रोग पसरवतो, हे पाहून तो एक सजीव द्रव असावा, असे त्यांनी मांडले. द्रवाची कल्पना पुढे चुकीची ठरली, तरी विषाणुशास्त्राचा पाया येथेच पडला. वडिलांना बुडवणाऱ्या तंबाखूने मुलाला असे नाव मिळवून द्यावे, हा योग चमत्कारिक खरा. १९०१ साली त्यांनी नत्राचा अंशही नसलेल्या पोषक द्रवात बागेतील माती टाकली. ज्याला हवेतून नत्र घेता येईल तोच त्यात वाढणार! अशा रीतीने ॲझोटोबॅक्टर सापडला. याला मुळांचा आश्रय लागत नाही, तो मातीत स्वतंत्र राहतो.

बेयेरिंक अविवाहित राहिले. घर त्यांच्या बहिणी पाहत. १९२१ साली वयाच्या सत्तराव्या वर्षी नियमानुसार निवृत्त होऊन ते गोरसेल या खेड्यात गेले आणि १ जानेवारी १९३१ रोजी तेथेच वारले.

रायझोबियमची पाकिटे आज शेतकऱ्यांना विकत मिळतात. गुळाच्या पाण्यात ते कालवून बियाण्याला चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि पेरतात. उन्हात मात्र ठेवीत नाहीत, जंतू मरतात.