प्राचीन रंगांचा पारखी

खाणीतील मजुरांसाठी सुरक्षादीप तयार करणारा हंफ्री डेव्ही सर्वपरिचित आहे. परंतु प्राचीन चित्रांचे रंग पारखणारा डेव्ही मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

त्याचा जन्म १७७८ मध्ये इंग्लंडमधील पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. पुढे रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्याची कीर्ती युरोपभर पसरली. १८१४ मध्ये तो रोमला गेला असता, टायटस बादशहाच्या स्नानगृहांच्या भग्नावशेषांतील भित्तिचित्रांनी त्याचे मन वेधून घेतले. हे रंग कशाचे केले असतील? परीक्षेसाठी रंग खरवडावा, तर चित्र विद्रूप होणार. न खरवडावा, तर रहस्य तसेच राहणार! डेव्हीने मार्ग काढला. अवशेषांत रंगांनी भरलेले एक मोठे मातीचे भांडे सापडले होते. त्यातील रंग त्याने तपासले. प्रत्यक्ष चित्रावरून घ्यावयाचा झाला, तर नजरेस न येणाऱ्या जागेचा केवळ कणभर रंग तो घेई.

तांबड्या रंगांत त्याला गेरू, शेंदूर आणि हिंगूळ आढळले. निळ्याचे कोडे अधिक अवघड होते. त्यात तांबे आहे, हे ओळखून तो थांबला नाही. १५ भाग सोडा, २० भाग गारगोटीची पूड व ३ भाग तांब्याचा कीस त्याने दोन तास प्रखर आचेवर तापविला आणि जवळजवळ तसाच निळा रंग स्वतः सिद्ध केला. या रंगात चुन्याचाही अंश आवश्यक असतो, हे पुढील संशोधकांनी दाखविले.

१८१५ मध्ये डेव्हीने हे संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. सतराशे वर्षे न विटलेला तो निळा रंग सहज व स्वस्तात करता येईल, हेही त्याने आपल्या काळातील चित्रकारांच्या नजरेस आणून दिले.