लोकवर्गणीची बाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग सर्वपरिचित आहे. मात्र तिच्या व तेथील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीस लोकवर्गणीचा हातभार लागला होता, याचा अनेकांना विसर पडला आहे. या कार्याचे एक आधारस्तंभ होते डॉ. भाऊ दाजी लाड.

गोव्यातील मांद्रे येथे १८२२ मध्ये जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये पदवीधर झाले. रुग्णसेवा करीत असतानाच त्यांनी वनौषधींचा अभ्यास केला. कुष्ठरोगावरील उपचारांसाठी त्यांची विशेष ख्याती होती. १८५८ मध्ये बाग व संग्रहालयासाठी निधी उभारण्याची मोहीम सुरू झाली. समितीचे अध्यक्ष नाना शंकरशेट, तर चिटणीस डॉ. जॉर्ज बर्डवूड व भाऊ दाजी होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी उद्यान खुले झाले.

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. मुंबईचा शेअर बाजार गडगडला, वर्गणी आटली आणि भाऊंची स्वतःची संपत्तीही बुडाली. अखेर सरकारी मदतीने १८७२ मध्ये संग्रहालय खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी भाऊ निवर्तले. १९७५ मध्ये संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले. नागरिकांनी पुढाकार घेतल्यास सार्वजनिक उद्यान उभे राहू शकते, याची ही बाग आजही साक्ष देते.