नाइट मोड नव्हता तेव्हा: जेकब रीस आणि फ्लॅशचा भडका

परवा रात्री घरी येताना बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या एका माणसाचा मी फोटो काढला. नाइट मोड ऑन, तीन सेकंद हात स्थिर, झालं काम. फोटो भारी आला, पण पोस्ट करायला बोट पुढे होईना. तेव्हा मला जेकब रीस आठवला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

रीस १८४९ साली डेन्मार्कमधल्या रीबे गावात जन्मला आणि १८७० मध्ये न्यूयॉर्कला आला. सुतारकाम यायचं, पण कायमचं काम मिळेना. पैसे संपले की पोलीस ठाण्यातल्या बेघरांच्या खोलीत रात्र काढायची. पुढे १८७७ मध्ये तो न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा पोलीस बातमीदार झाला. ऑफिस मलबेरी स्ट्रीटवर. आसपास इटालियन, ज्यू, चिनी, आयरिश लोकांच्या वस्त्या. अंधाऱ्या खोल्यांत माणसं अक्षरशः कोंबलेली असायची. रीस त्याबद्दल लिहायचा, पण नुसतं वाचून कुणी हलत नव्हतं.

मग फोटो का नाही? कारण उजेडच नव्हता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला भरपूर प्रकाश लागायचा. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात लांब एक्स्पोजर द्यावं, तर माणूस हलला की फोटो पुसट. आपला फोन काही सेकंदांत अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. ती सोय तेव्हा कुठली?

१८८७ मध्ये रीसने बातमी वाचली की जर्मनीत फ्लॅश पावडर निघाली आहे. मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळलेलं. क्लोरेट ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे मॅग्नेशियम क्षणात पेटून पांढराशुभ्र उजेड पडतो. अंधारात लेन्स उघडी ठेवायची, पावडर पेटवायची आणि लेन्स झाकायची, एवढंच!

सुरुवातीला सोबत हौशी फोटोग्राफर मित्र होते. १८८८ मध्ये रीसने स्वतःचा कॅमेरा घेतला. पावडर उडवायला आधी पिस्तुलासारखं साधन होतं. ते बघून लोक घाबरायचे, म्हणून मग त्याने चक्क फ्राइंग पॅन वापरला. या नादात त्याने दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःलाच पेटवून घेतलं. डोळे वाचले ते चष्म्यामुळे.

१८९० मध्ये त्याचं 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक आलं. काही फोटो हाफटोनने, म्हणजे बारीक ठिपक्यांत छापले होते. बाकीच्यांवरून चित्रं काढून घेतली होती. तो मॅजिक लँटर्नवर मोठ्या पडद्यावर फोटो दाखवत व्याख्यानंही द्यायचा. पुढे थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना, १८९६ मध्ये, ठाण्यांतल्या त्या गलिच्छ खोल्या बंद झाल्या. मलबेरी बेंडची कुप्रसिद्ध वस्ती पाडून तिथे १८९७ मध्ये बाग झाली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. रीस मध्यरात्री न विचारता खोल्यांत शिरायचा. झोपेतून दचकून उठलेले चेहरे त्याच्या फोटोंत दिसतात. शिवाय इटालियन, ज्यू, चिनी लोकांबद्दल त्याने पूर्वग्रहाने भरलेलं बरंच लिहिलं. १९१४ मध्ये तो वारला. त्याच्या फोटोंनी वस्ती बदलली, पण त्यातल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या फोटोने तर काहीच बदलणार नव्हतं, फक्त लाइक्स मिळाले असते. दुसऱ्या दिवशी मी त्याच वाटेने गेलो. तो माणूस जागा होता. त्याला फोटो दाखवून विचारलं, "काका, हा ठेवू का?" त्यांनी मान हलवली, नको.

त्यांच्यासमोरच डिलीट केला. नंतर ट्रॅशमधूनही काढला, कारण नुसतं डिलीट करून फोटो लगेच जात नाही. आज कॅमेरा खिशात मावतो, फ्लॅशने आग लागत नाही. विचारायला मात्र अजूनही आपल्यालाच तोंड उघडावं लागतं.