स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी मोर्चा काढणारे अण्णाभाऊ

खडवली (ता. कल्याण) : पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन होतं, पोरांना खाऊ मिळतो, मोबाईलवर तिरंग्याचे स्टेटस लागतात. भातलावणी आटोपलेली असते म्हणून माणसं जरा निवांतही असतात. पण अशा दिवशी कोणी रस्ता, पाणी, रेशन असं काही विचारलं की लगेच ऐकावं लागतं, आज तरी हे बोलू नकोस, आजचा दिवस देशाचा आहे. या बोलण्यावरून दरवर्षी अण्णाभाऊ साठे आठवतात. १ ऑगस्टला त्यांची जयंती आपण जोरात करतो, पण १६ ऑगस्टला त्यांनी काय केलं ते फार जणांना माहीत नसतं.

अण्णाभाऊंचं खरं नाव तुकाराम. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव हे त्यांचं गाव. १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजात जन्म, वडील भाऊराव, आई वालूबाई. शाळा त्यांची जेमतेम दीड दिवसाची. इंग्रजांनी काही जातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. गावात कुठं चोरी झाली की आधी त्यांची घरं झडायची, माणसांना हजेरी द्यावी लागायची. हे सगळं अण्णाभाऊंच्या लहानपणी आजूबाजूला होतं. पुढं त्यांनी 'फकिरा' लिहिली ती याच अनुभवातून. इंग्रजांशी आणि भुकेशी एकाच वेळी लढणाऱ्या बंडखोराची ती गोष्ट आहे.

दुष्काळात पोट भरेना म्हणून हे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला निघालं. त्या वेळी अण्णाभाऊ अकरा-बारा वर्षांचे होते. वाटेत मिळेल ते काम करायचं आणि पुढं चालायचं. मुंबईत त्यांनी हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं बघत अक्षरं पक्की केली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट पक्षात आले. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. तमाशा आणि पोवाडा गरिबाला समजतो, म्हणून त्यातूनच ते सावकारी, काळाबाजार आणि दुष्काळावर बोलायचे. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी पोवाडा लिहिला.

मग १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. मुंबईत रोषणाई होती, माणसं रस्त्यावर नाचत होती. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, अण्णाभाऊंनी मुंबईत मोर्चा काढला. गोरा साहेब गेला, पण उपाशी माणूस उपाशीच आहे, मग हे स्वातंत्र्य नक्की कोणाचं, हा त्या मोर्चाचा सवाल होता. तेव्हा धान्य रेशनवर होतं. पंजाबात कत्तली चालल्या होत्या. त्या दंग्यांवरही अण्णाभाऊंनी पोवाडा केला. त्या फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं आपल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली, तेच आजचं उल्हासनगर. आणि ज्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं जन्मजात चोर ठरायची तो कायदा १५ ऑगस्टला गेला नव्हता. देशभरातून तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्या माणसांनी झेंड्याकडं बघून काय म्हणायचं?

त्यांच्या पक्षानंही तेव्हा स्वातंत्र्याचं स्वागतच केलं होतं. पक्षाची भूमिका बदलली ती १९४८ साली. म्हणजे अण्णाभाऊंनी सवाल विचारला तो पक्षाचा कागद बघून नाही, वस्तीतली चूल बघून.

मग ते देशाचे विरोधक होते का? त्यांचं पुढचं आयुष्य बघा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी गावोगाव मुलूख जागा केला. मुंबईत राबणारा गडी आणि गावी राहिलेली त्याची मैना यांची त्यांची छक्कड आजही गायली जाते. ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख. मातीवर माया नसलेल्या माणसाला असं सुचत नाही. सरकारनं त्यांच्या तमाशावर बंदी घातली, तरी त्यांनी नाव बदलून तोच खेळ लोकनाट्य म्हणून उभा केला. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. ही पृथ्वी शेषनागानं नाही, राबणाऱ्यांच्या हातांनी तोलून धरली आहे, असा विचार त्यांनी तिथं मांडला.

१९६१ साली 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. बरंचसं लेखन त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत केलं. पैसा मात्र टिकला नाही. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. २००२ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. ज्यांनी स्वातंत्र्याला सवाल केला, त्यांचंच चित्र स्वतंत्र देशानं तिकिटावर छापलं.

आपल्याकडं बघा. खडवलीवरून वाहणारी भातसा मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवते. पण धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पंधरा ऑगस्टला त्या पाड्यावरच्या बाईनं पाणी मागितलं तर ती झेंड्याचा अपमान करत नाही. झेंडा तिचाही आहे, म्हणूनच ती मागते.

झेंड्याला सलामी द्यायचीच. पण सलामी झाल्यावर कोणी पाण्याचा, रस्त्याचा विषय काढला तर त्याला गप्प करू नका. अण्णाभाऊंनी तर एकच दिवस वाट बघितली होती.