थोरांची ओळख : जॉन ड्यूई आणि मेणबत्तीकडे हात नेणारे मूल



‘थोरांची ओळख’ हे पान भरायचे काम या वेळी माझ्याकडे आले, तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर शंभर-दीडशे कार्डे पसरलेली होती. माझ्या मुलीने बारावीत असतानाच जवळच्या एका कॉलेजातून मानसशास्त्राचा पहिला कोर्स घेतला आहे आणि त्याची परीक्षा तोंडावर आली आहे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला व्याख्या. मी शब्द वाचायचा, तिने व्याख्या सांगायची, असा रोज रात्री अर्धा तास. मी इंजिनिअर. हा विषय मला कधीच नव्हता. उद्दीपक म्हणजे काय, प्रतिसाद म्हणजे काय, रचनावाद कोणाचा, कार्यवाद कोणाचा, ती धडाधड सांगत होती.

चौथ्या रात्री मी सहज विचारले की कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला उठले, तर उद्दीपक कोणता. तिने लगेच शिट्टी असे उत्तर दिले. मग मी विचारले की तू गाणी ऐकत असतेस तेव्हा शेजारी बसून तुला तीन शिट्ट्या ऐकू येत नाहीत, आणि मला मात्र बेसमेंटमध्ये कपडे घड्या करताना पहिलीच ऐकू येते, ते कसे? ती गप्प झाली आणि कार्ड उलटून पाहू लागली. कार्डावर ते नव्हते.

हा प्रश्न एका माणसाने १८९६ सालीच विचारून ठेवला आहे, आणि तो माणूस त्याआधी आपल्या नोव्हायपासून अर्ध्या-पाऊण तासावर, ॲन आर्बरला, एक वर्ष सोडले तर दहा वर्षे राहत होता, हे मला त्या रात्री शोधताना कळले. ते म्हणजे जॉन ड्यूई. आपल्यापैकी पुष्कळांना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू म्हणून ऐकून माहीत असतील. मलाही तेवढेच माहीत होते.

ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी झाला. वडील आर्चिबाल्ड किराणा मालाचे दुकानदार, आई लुसिना धार्मिक वळणाची. त्यांच्या आधी या घरात जॉन नावाचाच एक मुलगा होता. तो लहानपणी भाजल्याने दगावला आणि त्याच वर्षी जन्मलेल्या भावाला त्याचे नाव मिळाले. १८७९ साली ते व्हरमाँट विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्याच वर्षी तिकडे जर्मनीत, लाइपझिगला, विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली. (हे साल आमच्या कार्डांत आहे. परीक्षेत हमखास येते म्हणे.) पुढे ड्यूई यांनी दोन वर्षे पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या गावी मास्तरकी केली, मग पाचशे डॉलर उसने घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १८८४ साली डॉक्टरेट घेतली.

त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात त्यांना नोकरी लागली. ॲन आर्बरला ते ज्या घरी खोली घेऊन राहत होते, तिथेच ॲलिस चिपमन नावाची विद्यार्थिनी राहत होती. ती फेंटनची. आपण यूएस-२३ ने फ्लिंटकडे जातो तेव्हा वाटेत लागते, तेच फेंटन. तिला तिच्या आजी-आजोबांनी वाढवले होते आणि ती मोठी स्वतंत्र बुद्धीची होती. जुलै १८८६ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुस्तकात बुडालेल्या या तत्त्वज्ञाला आजूबाजूच्या जगाकडे पाहायला लावण्याचे श्रेय बहुतेक चरित्रकार ॲलिसबाईंना देतात.

१८८७ साली ड्यूई यांचे ‘सायकॉलॉजी’ हे पाठ्यपुस्तक निघाले. म्हणजे मानसशास्त्राची ओळख करून देणारे अमेरिकेतले एक अगदी सुरुवातीचे पाठ्यपुस्तक आपल्या शेजारच्या गावी लिहिले गेले! पण ते फारसे चांगले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेतले नवे शोध जर्मन तत्त्वज्ञानाच्या साच्यात बसवण्याचा तो खटाटोप होता. त्यांचे स्वतःचे गुरू स्टॅनली हॉल यांनी त्यावर कडक टीका केली आणि विल्यम जेम्स यांचीही निराशा झाली. तीनच वर्षांनी, १८९० साली, जेम्स यांचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला. तो वाचून ड्यूई यांनी आपले मत बदलले. स्वतःचे पुस्तक वर्गात शिकवले जात असताना मत बदलायचे, हे सोपे नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले आपलाच जुना कोड टाकून द्यायला किती का-कू करतो, ते माझ्या टीमला विचारा.

त्यांना दुसरे शिक्षण घरी मिळत होते. फ्रेडरिक, एव्हलिन आणि मॉरिस ही पहिली तिन्ही मुले शिकागोला जाण्याआधीच झाली. मुले बोलू लागली तेव्हा ड्यूई यांनी त्यांच्या शब्दांची नोंद ठेवली आणि १८९४ साली त्यावर एक छोटा लेख छापला. मोठी माणसे नाम, क्रियापद, विशेषण असे वेगवेगळे कप्पे करतात, लहान मुलाच्या तोंडी ते कप्पे नसतात, असे त्यांचे म्हणणे होते. मूल चेंडू म्हणते तेव्हा त्यात वस्तूही असते आणि फेकणेही. आपल्या वर्गाच्या पालकांनी या लेखाकडे जरूर लक्ष द्यावे. आपण मुलांना ‘पोळी’ हा शब्द चित्र दाखवून शिकवतो, पण पोळपाटाशी उभे केले तर ‘लाट’, ‘उलट’, ‘फुगली’ हे शब्द न शिकवता येतात. निदान आमच्याकडे तरी तसे झाले.

१८९४ साली ड्यूई नव्या शिकागो विद्यापीठात गेले. पुढच्याच वर्षी युरोपच्या प्रवासात, इटलीतल्या मिलान शहरात, छोटा मॉरिस घटसर्पाने गेला. तो अडीच वर्षांचाही नव्हता. हे दुःख ड्यूई पती-पत्नी कधी विसरले नाहीत.

जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी मुले सोळा. शाळेसाठी टेबले घ्यायला ते दुकानोदुकानी फिरले, पण मनासारखी मिळेनात. शेवटी एका दुकानदारानेच ओळखले की यांना मुलांनी काम करावे अशी टेबले हवी आहेत, आणि बाजारात आहेत ती सगळी ऐकत बसण्याची. या शाळेत मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, विणीत. मी मूळची अकोल्याकडची, म्हणून मला त्यांची कापसाची हकीकत फार आवडली. मुलांना कापूस आणि लोकर दोन्ही हाताळायला दिली. मुले अर्धा तास हाताने सरकी काढत बसली आणि एक औंसही स्वच्छ कापूस निघाला नाही. लोकरीचे कपडे आधी आणि सुती कपडे नंतर का सर्रास झाले, सरकी काढण्याच्या यंत्राने एवढी उलथापालथ का झाली, हा इतिहास मग त्या मुलांना वेगळा सांगावा लागला नाही. आमच्या गावी जिनिंग फॅक्टरी होती. मी रोज तिच्यावरून शाळेत जात होते, आणि शाळेत औद्योगिक क्रांतीची कारणे पाठ करीत होते. दोन्हींचा संबंध मला कोणी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

त्याच १८९६ साली ड्यूई यांचा प्रतिक्षिप्त क्रियेवरचा प्रसिद्ध निबंध आला. त्यातले उदाहरण जेम्स यांच्या पुस्तकातले आहे. मूल मेणबत्तीची ज्योत पाहते, हात पुढे नेते, बोट भाजते, हात मागे घेते. नेहमीचे स्पष्टीकरण असे की ज्योत हा उद्दीपक आणि हात नेणे हा प्रतिसाद, मग चटका हा दुसरा उद्दीपक आणि हात ओढणे हा दुसरा प्रतिसाद. ड्यूई यांनी दाखवले की हे तुकडे आपण नंतर पाडलेले आहेत. मुलाची सुरुवात प्रकाशाने होत नाही, पाहण्याने होते, आणि पाहणे हीसुद्धा एक कृतीच आहे. ज्योत दिसत राहते म्हणून हात बरोबर जागी जातो. चटका बसल्यावर ज्योत दिसण्याचाच अर्थ बदलतो. पुढच्या खेपेला ती दिसेल ती चटका देणारी ज्योत म्हणून. म्हणजे ही सरळ रेघ नाही, वर्तुळ आहे. आणि मोठा आवाज झाला तर तो वाचत बसलेल्या माणसाला एक असतो, अंधारात पहारा करणाऱ्याला दुसरा. तो माणूस आधी काय करीत होता, यावर तो कसला उद्दीपक आहे ते ठरते. आमच्या कुकरच्या शिट्टीचे उत्तर हे असे मिळाले.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. आम्ही इंजिनिअर याला फीडबॅक म्हणतो. बेसमेंटमधली फर्नेस आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट एकमेकांवर असेच चालतात. विदर्भातल्या एका कॉलेजात मी कंट्रोल सिस्टिमच्या पेपरला हीच आकृती घोकून काढली होती, चांगले गुण मिळवले होते, आणि ती कशासाठी आहे हे मला नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी समजले. मन म्हणजे कोणते भाग यापेक्षा मन काय काम करते हे पाहायचे, या दृष्टीला कार्यवाद म्हणतात, आणि ड्यूई यांचा निबंध त्याचा पाया मानला जातो. मुलीच्या कार्डावर एवढेच होते : कार्यवाद – जेम्स, ड्यूई.

१८९९ साली ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. शाळेची मुख्याध्यापक असलेल्या ॲलिसबाईंच्या नेमणुकीवरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वाद झाला आणि १९०४ साली दोघांनीही शिकागो सोडले. त्याच वर्षी युरोपात गॉर्डन हा आठ वर्षांचा मुलगा विषमज्वराने गेला. पुन्हा प्रवासातच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ड्यूई पुढे १९३० पर्यंत शिकवत होते.

तिथे १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर आले आणि ड्यूई यांच्या वर्गात बसले. गंमत अशी की ड्यूई हे वक्ते म्हणून अगदी कंटाळवाणे होते. खिडकीबाहेर पाहत, अडखळत, मनाशीच विचार केल्यासारखे बोलत. त्यांचे लिहिणेही सोपे नाही. मी एक-एक परिच्छेद तीनदा वाचला. पण नीट ऐकणाऱ्याला तिथे प्रत्यक्ष विचार करणारा माणूस दिसे. बाबासाहेब तीस वर्षांनंतरही ड्यूईसरांच्या लकबींची नक्कल करून दाखवीत, अशी आठवण माईसाहेब आंबेडकरांनी सांगितली आहे. ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या १९१६ च्या पुस्तकाची बाबासाहेबांची प्रत खुणांनी भरलेली आहे, आणि १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये त्यांनी ड्यूई यांचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. सवय ही बदलता येते, आणि जुने ते सगळेच पुढच्या पिढीला द्यायचे नसते, हा ड्यूई यांचा विचार त्यांनी जातीच्या प्रश्नाला लावला. मेणबत्तीपासून तो विचार इथवर आला.

ड्यूई यांचे नाव घेऊन मुलांना वाटेल ते करू द्यावे, पाठ काहीच करू नये, असे म्हणणारेही पुढे निघाले. १९३८ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी एक छोटे पुस्तक लिहून या लोकांनाही सुनावले. पाढे आणि बाराखडी पाठच हवी, असे माझे स्वतःचे मत आहे.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठ बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट देणार होते. समारंभ ५ तारखेला होता. बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले ते आपल्या जुन्या सरांना भेटण्याच्या ओढीनेही. १ जूनला ड्यूई न्यूयॉर्कमध्येच वारले. वय ९२. भेट झाली नाही.

परीक्षा येत्या गुरुवारी आहे. कार्डे अजून टेबलावरच आहेत. फक्त आता व्याख्या सांगून झाली की मुलगी स्वतःच घरातले एक उदाहरण शोधते, आणि त्यामुळे अर्ध्या तासाचा सव्वा तास होतो.