ॲमी जॉन्सनचे विमान

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी लिहावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी ॲमी जॉन्सनचे नाव निवडले. तिच्या धाडसाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला मात्र तिने विमान कसे निवडले, ही हकीकत अधिक मोलाची वाटते.

ॲमीचा जन्म १९०३ साली इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठाची बी. ए. होऊन ती लंडनला एका सॉलिसिटरच्या कचेरीत नोकरीला लागली. १९२८ साली स्टॅग लेन येथील क्लबात ती विमान चालविण्यास शिकू लागली. तिची प्रगती सावकाशच होती. जुलै १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना हाती आला, तरी ती तेवढ्यावर थांबली नाही. कारागिरांबरोबर हात काळे करून ती एंजिन खोलण्या-जोडण्यास शिकली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ग्राउंड एंजिनिअरचा परवाना मिळविणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली.

पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने जाण्याचे तिने ठरविले. त्यासाठी स्वतःचे विमान हवे होते, पण पैसा कोठला? वडील आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी भार उचलला, आणि सुमारे ६०० पौंडांत एक वापरलेले जिप्सी मॉथ विमान तिने घेतले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, १०० अश्वशक्तीचे एंजिन आणि उघडी बैठक, असे ते साधे विमान. पण क्लबात ती मॉथ जातीच्या विमानावरच शिकली होती. त्याची नस न् नस तिला ठाऊक होती. वडिलांच्या व्यापारी चिन्हावरून तिने त्याचे नाव जेसन ठेवले.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली. सहाव्या दिवशी कराची गाठली. झाशीला इंधन सरत आल्याने ती लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरली. रंगूनजवळ विमान चरात जाऊन पंख फाटला, प्रोपेलर मोडला. जादा प्रोपेलर तिने बरोबर घेतलाच होता. तेथील लोकांच्या मदतीने दुरुस्ती करून ती पुढे गेली. २४ मे रोजी, सुमारे ११,००० मैल तोडून, ती डार्विनला उतरली. हिंकलर यांचा विक्रम मोडला नाही; परंतु इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री होती.

महायुद्धात विमाने पोहोचविण्याचे काम करीत असता ५ जानेवारी १९४१ रोजी थेम्सच्या मुखाशी तिचा अंत झाला. देहही सापडला नाही. जेसन मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आपणही घरात शिवणयंत्र घेतो, मिक्सर घेतो, स्कूटर घेतो. किंमत पाहतो, रंग पाहतो. झाकण उघडण्याची वेळ आली की दुसऱ्याला हाक मारतो. पैसे कोणीही दिले असोत, जी वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते, तीच खरी आपली, असे ॲमीचे चरित्र वाचून मला वाटू लागले आहे. मंडळाच्या शिवणवर्गात यंत्र खोलण्याचा एक तास ठेवता येईल का, याचा विचार आपण जरूर करावा.